भिजलेले आणि थांबलेले : पंचगंगेचे पाणी आणि शिरोलीचा हिशेब

पावसाळ्यात कोल्हापूरकर सकाळी उठला की आधी एकच चौकशी करतो: राजाराम बंधाऱ्यावर पाणी किती? उत्तर फूट-इंचांत येते. ३९ फूट म्हणजे इशारा, ४३ फूट म्हणजे धोका. नदीकाठचा शेतकरी त्यावरून जनावरे कधी हलवायची ते ठरवतो, दुकानदार माल माळ्यावर कधी चढवायचा ते. पंचगंगेपलीकडे, महामार्गाच्या कडेला असलेल्या शिरोली एमआयडीसीत त्याच आकड्यावरून फौंड्रीचा मालक आणि मॅनेजर ठरवतात, की आज दुसऱ्या शिफ्टला हीट घ्यायची, म्हणजे भट्टीत लोखंड वितळवायचे, की नाही.

हा निर्णय दिसतो तितका साधा नाही. इंडक्शन फर्नेसमध्ये लोखंड एकदा वितळले की ओतावेच लागते. मध्येच वीज गेली आणि वेळेत आली नाही, तर रस भट्टीतच गोठतो आणि आतले अस्तर फोडून तो काढावा लागतो. भट्टीची कॉइल पाण्याने थंड ठेवावी लागते, ते पाणी थांबले तर कॉइलच जाते. मोल्डिंगच्या वाळूला तीन-चार टक्के ओलावा लागतो, पण भिजलेले स्क्रॅप भट्टीत पडले तर स्फोट होतो. म्हणजे फौंड्रीला पाणी रोज लागते, पण ते ठरल्या जागी, ठरल्या मापाने. पाऊस बेभरवशाचा झाला आणि पाण्याचे नियोजन ढिले पडले, की याच मापाला धक्का बसतो.

हवामानाची अनिश्चितता आणि पाण्याचे सदोष व्यवस्थापन यांची आर्थिक किंमत हा विषय जगभर चर्चेत आहे. जागतिक बँकेने २०१६ मध्ये इशारा दिला, की पाण्याच्या टंचाईमुळे २०५० पर्यंत काही प्रदेशांचे सकल उत्पन्न सहा टक्क्यांपर्यंत घटू शकते. नीती आयोगाच्या २०१८ च्या जल निर्देशांकाने देशातले सुमारे ६० कोटी लोक पाण्याच्या तीव्र ताणाखाली असल्याचे नोंदवले. हे आकडे मोठे आहेत, पण त्यांतून एका औद्योगिक वसाहतीचे काय होते ते कळत नाही. या लेखात पंचगंगेच्या खोऱ्यापुरता, आणि त्यातही शिरोलीच्या बाजूने, या चर्चेचा आढावा घेतला आहे.

पाण्यातून उभा राहिलेला उद्योग

कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती आणि लोकश्रद्धेतली गुप्त सरस्वती अशा पाच प्रवाहांची पंचगंगा प्रयाग चिखलीपासून सुरू होते आणि नृसिंहवाडीला कृष्णेला मिळते. या छोट्या खोऱ्यात पाऊस मात्र कमालीचा असमान आहे. घाटमाथ्यावरच्या गगनबावड्यात वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळतो आणि शंभरेक किलोमीटरवरच्या शिरोळमध्ये पाचशेच्या आसपास. पश्चिमेला पाणी फार आणि पूर्वेला कमी, असे हे एकाच जिल्ह्यातले चित्र आहे.

ही विषमता सांधण्याचे पहिले मोठे काम संस्थानकाळात झाले. राजर्षी शाहू महाराजांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात राधानगरीच्या धरणाला हात घातला. ते पूर्ण व्हायला स्वातंत्र्य उजाडावे लागले. त्याच्या जोडीला नदीवर ठिकठिकाणी कोल्हापूर पद्धतीचे बंधारे उभे राहिले. पावसाळा सरला की दगडी खांबांमध्ये बरगे घालायचे आणि पावसाळ्याआधी काढायचे, म्हणजे पुराला वाट मोकळी आणि उन्हाळ्याला पाणी शिल्लक. पुढे तुळशी, दूधगंगेवरचे काळम्मावाडी, वारणेवरचे चांदोली ही धरणे झाली. पाण्यामागून ऊस आला आणि उसामागून सहकारी साखर कारखाने.

कोल्हापूरचा अभियांत्रिकी उद्योगही याच पाण्याच्या पोटी जन्मला. नदीचे पाणी मळ्यात चढवायला ऑइल इंजिन लागे आणि गुऱ्हाळाला चरक लागे. त्यांची दुरुस्ती करता करता मिस्त्री मंडळी स्वतः इंजिने बनवू लागली, इंजिनासाठी कास्टिंग ओतू लागली. शिवाजी उद्यमनगरातल्या या कारखानदारीला जागा पुरेना, तेव्हा ती शिरोली आणि गोकुळ शिरगावकडे सरकली आणि नंतर कागल-हातकणंगलेच्या पंचतारांकित वसाहतीत पोचली. आज जिल्ह्यात तीनशेच्या आसपास फौंड्री आहेत. वाहने, ट्रॅक्टर, पंप यांचे सुटे भाग इथे ओतले जातात आणि महामार्गाने पुणे, बेळगाव, बंगळूरकडे रवाना होतात. शेतीचे पाणी आणि कारखान्याचे पाणी हे दोन वेगळे विषय मानण्याची सवय आपल्याला लागली आहे. कोल्हापूरच्या इतिहासात मात्र ते एकाच घरातले दोन भाऊ आहेत, आणि आजचे बरेच वाद त्यांच्या वाटणीचे आहेत.

पावसाची चाल

पाऊस कमी झाला की जास्त, असा प्रश्न नेहमी विचारला जातो. अभ्यासकांचा रोख पावसाच्या वाटपाकडे आहे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये दाखवून दिले, की १९५० ते २०१५ या काळात मध्य भारताच्या पट्ट्यात विस्तृत भागावर एकाच वेळी कोसळणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या. मोसमाची एकूण बेरीज फारशी न बदलताही पाऊस थोड्या दिवसांत गोळा होऊ शकतो, आणि मधले दिवस कोरडे जाऊ शकतात.

गेल्या काही वर्षांची नुसती यादी मांडली तरी ही चाल दिसते. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरची तहान भागवायला मिरजेहून पाण्याची रेल्वे सोडावी लागली. २०१८ च्या ऑक्टोबरअखेर राज्य सरकारने १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला. त्यानंतर दहा महिन्यांच्या आत, ऑगस्ट २०१९ मध्ये, कोल्हापूर-सांगलीत महापूर आला. जुलै २०२१ मध्ये पुन्हा आला. २०२३ चा ऑगस्ट देशभरात १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला, आणि २०२४ च्या जुलैत पंचगंगेने पुन्हा धोक्याची पातळी ओलांडली.

या लागोपाठच्या माराचा परिणाम साखरेच्या आकड्यांत उघड दिसतो. २०१८-१९ च्या हंगामात राज्यात १०७ लाख टनांच्या घरात साखर झाली. पुढच्या हंगामात ती ६२ लाख टनांच्या आसपास आली. आधीच्या दुष्काळाने लागवड घटली आणि नंतरच्या पुराने उभा ऊस कुजवला. उसाच्या शेंड्यात गाळ बसून पाणी आठ-दहा दिवस उभे राहिले की तो ऊस हातचा जातो. उसाचे बिल अडले की ट्रॅक्टरची, मोटारसायकलची, बांधकामाची खरेदी अडते, आणि ती झळ काही महिन्यांनी शिरोलीतल्या ऑर्डरींपर्यंत पोचते.

नुकसान कोणत्या वाटेने येते

२०१९ आणि २०२१ या दोन्ही पुरांत राजाराम बंधाऱ्याजवळ पाणी ५५ फुटांच्या पुढे गेले. २०१९ मध्ये कोल्हापूर-सांगली भागातून चार लाखांहून अधिक लोकांना सुरक्षित ठिकाणी हलवावे लागले. केंद्राकडे राज्याने ६,८१३ कोटी रुपयांची मदत मागितली, त्यांतले ४,७०८ कोटी सांगली, कोल्हापूर आणि सातारा या तीन जिल्ह्यांसाठी होते.

शिरोलीच्या दृष्टीने मात्र सर्वांत मोठी घटना वसाहतीच्या बाहेर घडली. पंचगंगा पूल ते सांगली फाटा हा महामार्गाचा तुकडा पाण्याखाली गेला आणि पुणे-बंगळूर वाहतूक जवळजवळ आठवडाभर ठप्प झाली. ट्रकांच्या रांगा लागल्या. शहरात पेट्रोल अत्यावश्यक सेवांसाठी राखून ठेवावे लागले, मुंबईला जाणारे दूध अडले. तिथून हाकेच्या अंतरावर भट्ट्या कोरड्या होत्या, यंत्रे शाबूत होती, आणि तरी काम बंद होते.

याची कारणे चार. कामगार शहरातून आणि आसपासच्या गावांतून येतो, त्याची वाट बुडते. पिग आयर्न, स्क्रॅप, बेंटोनाइट महामार्गानेच येते, ते अडते. तयार कास्टिंग गाडीत भरून उभे राहते आणि तिकडे वाहन कंपनीची असेंब्ली लाइन त्याची वाट पाहते. आणि वीज उपकेंद्रात पाणी शिरले, किंवा शिरेल म्हणून ते बंद ठेवले, तर उरलेलेही थांबते. वाहन कंपन्या महिन्याचा साठा ठेवत नाहीत. सुटा भाग वेळेवर आला नाही तर त्या दुसरा पुरवठादार बघतात, आणि एकदा दुसरीकडे गेलेला भाग परत मिळवायला वर्ष-दोन वर्षे जातात.

थायलंडमधल्या २०११ च्या पुराशी तुलना इथे उपयोगी पडते. अयुथया परिसरातल्या सात औद्योगिक वसाहती तेव्हा पाण्यात गेल्या. मोटारी आणि हार्ड डिस्क यांचे जगभरचे उत्पादन विस्कळीत झाले, आणि जागतिक बँकेच्या अंदाजानुसार एकूण नुकसान ४५ अब्ज डॉलरच्या पुढे गेले. त्यानंतर तिथे वसाहतींभोवती पूररोधक भिंती बांधल्या गेल्या. शिरोलीभोवती भिंत घालून प्रश्न सुटणार नाही, कारण इथे पूर कारखान्याच्या आधी वाट बुडवतो.

पुराच्याच काळात आणखी एक विसंगती दिसते. २०१९ आणि २०२१ मध्ये शहराची नदीकाठची उपसा केंद्रे बुडाली आणि चहूकडे पाणी असताना कोल्हापुरात पिण्याच्या पाण्याचे टँकर फिरले. पाण्याची टंचाई आणि पाण्याचा अतिरेक एकाच आठवड्यात, एकाच गल्लीत नांदू शकतात.

पूर का येतो: चार उत्तरे

या प्रश्नावर गेल्या वीस वर्षांत चार प्रमुख भूमिका पुढे आल्या आहेत.

पहिली भूमिका अलमट्टीकडे बोट दाखवते. २००५ च्या पुरापासून सांगली-कोल्हापुरात ही भावना तीव्र आहे, की कर्नाटकातल्या या धरणात पाणी आधीच साठवून ठेवल्याने वरच्या अंगाला कृष्णेचे पाणी तुंबते आणि पंचगंगा उतरत नाही. पावसाळ्यात ऑगस्टअखेरपर्यंत अलमट्टीची पातळी ५१७ मीटरच्या आसपास ठेवावी, असा नागरी समित्यांचा आग्रह आहे. धरणाची सध्याची पूर्ण पातळी ५१९.६० मीटर आहे. दुसऱ्या कृष्णा पाणीतंटा लवादाने डिसेंबर २०१० मध्ये ती ५२४.२५६ मीटरपर्यंत नेण्यास मुभा दिली. हा निवाडा सर्वोच्च न्यायालयातल्या दाव्यांमुळे अधिसूचित झालेला नाही. महाराष्ट्राने २०२५ मध्ये उंचीवाढीला उघड विरोध नोंदवला. कर्नाटकाची बाजू अशी, की उंचीवाढ लवादाने मान्य केली आहे आणि त्या पाण्यावर विजयपूर, बागलकोटसारख्या कोरड्या जिल्ह्यांचे सिंचन अवलंबून आहे.

दुसरी भूमिका पावसालाच मुख्य कारण मानते. २०१९ च्या पुरानंतर निवृत्त सचिव नंदकुमार वडनेरे यांच्या अध्यक्षतेखाली राज्य सरकारने समिती नेमली आणि तिचा अहवाल २०२० मध्ये आला. थोड्या दिवसांत झालेली असाधारण अतिवृष्टी आणि नदीपात्रातली अतिक्रमणे यांवर समितीने भर दिला. अलमट्टीमुळे पूर आला, हा निष्कर्ष तिने काढला नाही. स्थानिक अभ्यासकांपैकी अनेकांना समितीची ही भूमिका मान्य नाही. धरणाच्या फुगवट्याचा नव्याने तांत्रिक अभ्यास व्हावा, ही मागणी तेव्हापासून चालू आहे.

तिसरी भूमिका आपल्याच धरणांच्या परिचालनाकडे वळते. चांदोली, कोयना, दूधगंगा ही धरणे जुलैअखेर भरत आणली आणि ऑगस्टमध्ये मोठा पाऊस झाला, तर विसर्गावाचून पर्याय राहत नाही. मग धरणात पुरासाठी जागा राखावी, असे हा पक्ष म्हणतो. त्याला तीन अडचणी सांगितल्या जातात. राधानगरीचे सात दरवाजे स्वयंचलित आहेत. धरण भरले की ते आपोआप उघडतात आणि प्रत्येकातून १,४२८ क्युसेक पाणी बाहेर पडते, त्यामुळे तिथे हाताने नियमन करायला फारसा वाव नाही. शिवाय पंचगंगेच्या पुरातला मोठा वाटा धरणांखालच्या मोकळ्या पाणलोटातून येतो, त्याला दरवाजाच नाही. आणि धरण रिकामे ठेवून पाऊस दगा देऊन गेला, तर उन्हाळ्यात जाब कोणी द्यायचा? २०२३ सारखे वर्ष आले की हा प्रश्न पुस्तकी राहत नाही.

चौथी भूमिका पूरक्षेत्राची आहे. पाटबंधारे खाते नदीकाठी दोन रेषा आखते. पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी आणि शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल. निळ्या रेषेच्या आत बांधकामाला बंदी, दोन रेषांमध्ये निर्बंध. प्रत्यक्षात भराव पडले, इमारती उठल्या, ओढे-नाले आक्रसले. याच भूमिकेचा एक धागा थेट शिरोलीला येऊन भिडतो, तो महामार्गाच्या भरावाचा.

पुराच्या पाण्याला पसरायला मोकळा माळ लागतो. त्यात उंच भराव टाकून रस्ता नेला की तो आडव्या बांधासारखा वागतो, आणि वरच्या अंगाला प्रयाग चिखली, आंबेवाडी आणि शहराच्या सखल भागात पाणी जास्त वेळ राहते, असे तिथल्या लोकांचे म्हणणे आहे. उलट रस्ता खाली ठेवला तर दर मोठ्या पुरात महामार्ग आणि त्याबरोबर शिरोलीची कारखानदारी बंद पडते. म्हणजे रस्त्याची उंची ठरवताना एकाचा फायदा दुसऱ्याच्या घरात पाणी घालू शकतो. खांबांवरचा पूल करून खालून पाणी वाहू द्यावे, ही मागणी या पेचातून आली आहे. सहापदरीकरणाचे काम सुरू झाल्यापासून तिने जोर धरला. खर्च आणि तांत्रिक व्यवहार्यता हे तिच्याविरुद्धचे मुद्दे. मात्र बंद पडलेल्या दिवसांची किंमत त्या खर्चासमोर अजून कोणी मांडलेली नाही.

पाणी कमी पडते तेव्हा

पुराची चर्चा दोन महिने होते, टंचाईची आठ महिने चालते. इथल्या वादाचा गाभा प्राधान्यक्रमाचा आहे. राज्याच्या २००३ च्या जलनीतीत पिण्याच्या पाण्यानंतर उद्योगाला दुसरे आणि शेतीला तिसरे स्थान होते. २०११ मध्ये क्रम बदलून शेती दुसरी आणि उद्योग तिसरा झाला. शेतकरी संघटनांनी बदलाचे स्वागत केले, कारण धरणाखालचे पाणी शहरे आणि कारखान्यांकडे वळत असल्याची त्यांची तक्रार होती. उद्योजकांचे म्हणणे असे, की फौंड्रीसारख्या कारखान्याला लागणारे पाणी शेतीच्या तुलनेत किरकोळ असते, पण ते एक दिवस चुकले तरी उत्पादन थांबते. दोन्ही म्हणण्यांत तथ्य आहे. एका बाजूला पाण्याच्या प्रमाणाचा प्रश्न आहे, दुसऱ्या बाजूला खात्रीचा.

उसाबद्दलचा वाद याहून जुना. राज्याच्या पिकाखालच्या क्षेत्रापैकी सुमारे चार टक्के क्षेत्रावरचा ऊस सिंचनाच्या पाण्यापैकी सत्तर टक्के पाणी घेतो, असे कृषिमूल्य आयोगाच्या अहवालाचा हवाला देऊन सांगितले जाते. हा आकडा राज्याचा आहे. कोल्हापुरातले ऊस उत्पादक त्यावर दोन गोष्टी सांगतात. त्यांचा ऊस नदीखोऱ्यातल्या भारी जमिनीत आहे, आणि हमखास दर देणारे व काही दिवस पाण्यात तग धरणारे दुसरे पीक त्यांच्यापुढे नाही. टीकाकार शिरोळकडे पाहायला सांगतात. वर्षानुवर्षे पाटाने दिलेल्या पाण्यामुळे तिथली हजारो हेक्टर जमीन क्षारपड झाली, आणि ती परत लागवडीखाली आणायला शेतात जमिनीखालून निचऱ्याच्या सच्छिद्र नळ्या घालाव्या लागत आहेत. शिरोळच्या श्री दत्त साखर कारखान्याने या कामात पुढाकार घेतला. ठिबक सिंचन हा दोन्ही पक्षांना मान्य असलेला मधला रस्ता, पण पाण्याचा आकार क्षेत्रावर लागतो, मापावर नाही, तोवर ठिबकचा खर्च अंगावर घेण्याचे कारण प्रत्येकाला पटेलच असे नाही.

तिसरा पदर प्रदूषणाचा. नदीत पाणी असूनही ते वापरता येत नसेल, तर ती टंचाईच आहे. कोल्हापूरचे सांडपाणी, जयंती आणि दुधाळी नाले, इचलकरंजीचे प्रोसेसिंग, साखर कारखान्यांची मळी यांचा भार पंचगंगेवर पडतो. इचलकरंजीत २०१२ मध्ये काविळीची साथ आली आणि त्यात माणसे दगावली. त्यानंतरची आर्थिक साखळी पाहण्यासारखी आहे. दाराशी नदी असताना इचलकरंजीला आधी वारणेचे आणि मग दूधगंगेचे पाणी मागावे लागले, आणि दोन्ही ठिकाणी नदीकाठच्या गावांनी विरोध केला. कोल्हापूर शहराने काळम्मावाडीहून पन्नासहून अधिक किलोमीटरची थेट पाइपलाइन टाकली. चारशे कोटींहून अधिक खर्च आणि जवळजवळ दशकभर काम, तेव्हा नोव्हेंबर २०२३ मध्ये ते पाणी शहरात पोचले. नदी न सांभाळण्याची किंमत अशी भलत्याच खात्यात, पाणीयोजनेचा खर्च म्हणून दिसते.

उपायांच्या दोन दिशा

सध्या धोरणाची चर्चा दोन दिशांनी चालते. पहिली दिशा पुराचे पाणी दुष्काळी भागाकडे नेण्याची. ही कल्पना नवी नाही. कृष्णा-भीमा स्थिरीकरणाचा विचार या शतकाच्या सुरुवातीपासून आहे, आणि म्हैसाळ, टेंभू, ताकारी या उपसा योजना पुराच्या काळात चालवून जत-कवठेमहांकाळकडचे तलाव भरण्याचे प्रयोग झाले आहेत. जागतिक बँकेच्या साहाय्याने सुमारे ३,२०० कोटी रुपयांचा कार्यक्रम राज्याने हाती घेतला आहे. पूरनियंत्रण आणि पाणी वळवणे या दोन्हींचा त्यात समावेश आहे. समर्थक म्हणतात, एकाच खर्चात दोन संकटांवर इलाज. शंका घेणारे तीन मुद्दे काढतात. पुराचा वेग आणि उपसा पंपांचा वेग यांची बरोबरी होत नाही, म्हणून पूर त्याने फारसा उतरणार नाही. वीजबिल दर वर्षी भरावे लागेल. आणि लवादाच्या निवाड्यांत पुराच्या पाण्याचा हिशेब कसा धरायचा, हा कायद्याचा प्रश्न आहे.

दुसरी दिशा नदीला जागा देण्याची. पूररेषांची कडक अंमलबजावणी, भरावांना मोऱ्या आणि खांब, गावांचे पुनर्वसन, धरणांचे एकात्मिक परिचालन, आणि पूर्वसूचना. हा मार्ग कागदावर स्वस्त दिसतो, पण त्यात जमिनीचे भाव आणि लोकांची घरे आड येतात. २००५ नंतर काय ठरले आणि त्यांतले किती झाले, हे नदीकाठच्या कोणत्याही गावात विचारले तरी समजते.

भरपाई, विमा आणि न मोजलेले दिवस

या सगळ्या भूमिकांच्या खाली एक उणीव समान आहे. नुकसान मोजण्याची आपली पद्धत भिजलेल्या वस्तूंवर बेतलेली आहे.

पंचनामा होतो तो घराचा, पिकाचा, जनावराचा, दुकानातल्या मालाचा. २०२१ च्या पुरानंतर राज्य सरकारने दुकानदारांना नुकसानीच्या ७५ टक्के, कमाल ५०,००० रुपये, आणि टपरीधारकांना १०,००० रुपये मदत जाहीर केली. ती भिजलेल्यांसाठी होती, आणि तशीच असायला हवी होती. पण पाण्यापासून दूर, कोरड्या शेडमध्ये सहा दिवस बंद राहिलेल्या मशिन शॉपचा त्या नमुन्यात रकानाच नाही.

विम्याचेही तसेच. आगविम्यात पूर-वादळाचे कलम असते. उत्पादन थांबल्याने बुडालेल्या नफ्याचा विमाही मिळतो, पण त्याची सर्वसाधारण अट अशी, की आधी विमा उतरवलेल्या मालमत्तेचे प्रत्यक्ष नुकसान झालेले असले पाहिजे. रस्ता बुडाल्यामुळे कारखान्यात पोचता आले नाही, एवढ्यावर दावा उभा राहत नाही. त्यासाठी वेगळे जादा कलम घ्यावे लागते. मोठ्या कारखान्याला हे परवडते. चार लेथ आणि एक व्हीएमसी घेऊन जॉबवर्क करणाऱ्याला बँकेच्या कर्जासाठी काढलेली मूळ पॉलिसीच जड वाटते.

या उतरंडीच्या तळाला ठेकेदाराकडचा कामगार आहे. फेटलिंगला, मोल्डिंगला रोजाने येणाऱ्याची हजेरी लागली नाही की रोज बुडाला. मग तो पुरामुळे असो की वीज गेल्यामुळे. २०१७-१८ च्या आर्थिक पाहणीने हवामानबदलामुळे शेती उत्पन्न सरासरी १५ ते १८ टक्के घटू शकते, असा अंदाज दिला होता. रिझर्व्ह बँकेच्या २०२२-२३ च्या चलन व वित्त अहवालाने उष्णता आणि दमटपणामुळे बुडणाऱ्या कामाच्या तासांकडे लक्ष वेधले. भट्टीपुढे उभ्या असलेल्या माणसाला हे अहवालातून कळायची गरज नाही. पण त्याचे बुडालेले तास पंचगंगेच्या कोणत्याही अहवालात आलेले नाहीत.

अजून न सुटलेले

आढाव्याच्या शेवटी काही गोष्टींवर बऱ्यापैकी सहमती दिसते. पावसाचे टोक वाढत चालले आहे. पूरक्षेत्रातला भराव थांबवला पाहिजे. पूर आणि टंचाई यांचे नियोजन एकत्र करावे लागेल. दोन्ही राज्यांत पाण्याच्या माहितीची देवाणघेवाण तासातासाला झाली पाहिजे.

मतभेद उरतात ते वाट्याचे. अलमट्टीच्या फुगवट्याचा नेमका वाटा किती, यावर दोन्ही बाजूंना मान्य होईल असा अभ्यास अजून झालेला नाही. धरणात पुरासाठी जागा राखली आणि पाऊस आला नाही, तर तुटीचा भार शेतीने उचलायचा की उद्योगाने, हे ठरलेले नाही. महामार्ग किती उंच आणि कशावर, याचा निर्णय झाला तरी वरच्या अंगाच्या गावांचा प्रश्न राहतोच. पाणी वळवण्याच्या योजनेचा लाभ-खर्च मांडताना पूर किती इंच उतरेल हे आधी सांगायचे, की दुष्काळी भागाला किती पाणी मिळेल हे, यावरही एकमत नाही.

यांतला प्रत्येक प्रश्न शेवटी तुलनेचा आहे, आणि तुलनेचे एक पारडे, थांबलेल्या कामाचे, रिकामे आहे. ते भरायला नवी यंत्रणा लागेल असेही नाही. कोणत्या दिवशी वसाहतीत किती वीज वापरली गेली, ते महावितरणच्या मीटरवर असते. २०१८ पासून माल हलवायला ई-वे बिल लागते, म्हणजे दोन्ही महापुरांत रोज किती गाड्या निघाल्या नाहीत ते काढता येते. उन्हाळ्यातल्या टँकरच्या पावत्या प्रत्येक कारखान्याच्या फाइलीत आहेत. आणि कोणाचा किती रोज बुडाला, ते ठेकेदाराच्या हजेरीबुकात लिहिलेले आहे.

नदीकाठच्या भिंतींवर महापुराच्या खुणा रंगवलेल्या दिसतात: इथपर्यंत २००५, इथपर्यंत २०१९, त्याच्या जवळ २०२१. शिरोलीत तशी खूण रंगवायला भिंत नाही. तिथली खूण हजेरीबुकातल्या मोकळ्या चौकोनांत आहे. ते चौकोन एकदा कोणीतरी बेरजेला घेतले, तर पुढच्या समितीपुढे भिजलेल्यांच्या आकड्याशेजारी थांबलेल्यांचाही आकडा ठेवता येईल.